ईशान्येला कठीण, मधी राख

मी मूळचा चंदगडकडचा. तिकडं पाऊस असा की कपडं वाळत न्हाईत, पर जमीन घट्ट, घर कुठंबी बांधा, पाया खचत न्हाई, म्हणून घर बांधायच्या आधी जमीन तपासत्यात असं कुणी सांगितलं असतं तर आमी हसलो असतो. इकडं कोल्हापुरात आलो आन त्याच कामावर पोट भरलं. काय सांगू तुम्हाला पावणं, लोकं वर मजलं बघत्यात, मी आपला खाली बघतो.

काम म्हंजे काय, तर लोखंडी तिपाई हुबी करायची, पाइप जमिनीवर धरायचा आन वरनं जड घण सोडायचा. मुरूम असला तर पाइप हालत न्हाई, घण नुसता वाजतोय. मऊ लागलं की जातोय खाली चिखलात पाय गेल्यागत. आत भरलेली माती पिशवीत घालून लॅबला द्यायची. पुढचं इंजिनियर बघत्यात.

तर माझी धाकटी भन, शालन. तिनं आन दाजींनी कागलच्या रस्त्याला प्लॉट घेतला. पूर्वी तिथं वीटभट्टी होती, माती काढून काढून खड्डा पडलेला, मग कुणीतरी भरून सपाट केलेला, हे मला मागनं कळलं. भूमिपूजन रिवाजापरमाणं ईशान्येच्या कोपऱ्यात झालं. तिथं कुदळ मारली तर ठण्णदिशी वाजली. झालं की! तिच्या सासऱ्यांनी जाहीरच केलं, जमीन कातळ हाय, देवानंच दाखवलं, पेढं वाटा. आता तेवढा कोपरा खणायचा राहिला आसंल, म्हणून सगळा प्लॉट कठीण, असं कसं हुईल? पर आमच्याकडं चालतंय असं.

इंजिनियर म्हणालं तपासल्याबिगर नकाशा करनार न्हाई, शालन म्हणाली आमचा दादाच करतोय की ते काम. गेलो. मधी बोअर घेतला तर घण सोडायची गरजच पडली न्हाई, पाइप आपल्या वजनानंच खाली गेला. वर आली ती राख, इटांचं तुकडं, काळा चिखल. शालन जवळ आली, म्हणाली, दादा, पूजेच्या कोपऱ्यातलीच माती लॅबला दे की. मी म्हटलं, अगं बाई, घर काय कोपऱ्यावर हुबं राहनार हाय व्हय? दाजी म्हणालं, घरचा माणूस आन असं करतोस? मी मधल्याच मातीनं पिशव्या भरल्या आन दिल्या लॅबला.

इंजिनियरनं सांगितलं, खोल पाइल घाला, म्हंजे खाली कठीण लागंपतोर काँक्रीटचं खांब, न्हाईतर त्या कोपऱ्यात दोन खोल्या बांधा. दाजींनी इंजिनियरच बदलला, आन भरावावर दुमजली बंगला चढवला. मी घरी जाऊन बोललो, भांडलो, कुणी ऐकलं न्हाई. लई वाईट वाटलं.

वास्तुशांतीला गेलतो. पुरणपोळी, कटाची आमटी, सगळं ताटात, आन माझं डोळं आपलं भिंतीच्या बुडाला. शालननं बघितलं. म्हणाली, दादा, मान वर करून जेव की रं. जेवलो.

आता तिचा फोन वाजला की पयली ती भिंतच डोळ्यापुढं येती. ती म्हणते, मटण केलंय, ये. भेग पडली का, मी इचारत न्हाई, ती सांगत न्हाई. जल्म माती बघन्यात गेला माझा, पर ह्या एका जागी मी खोटा ठरू दे, लोकं मला येडा म्हणू देत, माझ्या शालनची भिंत सरळ राहू दे.