एकवीस दिवस पाय वर

…आणि वर सगळे मलाच विचारतात, "बानाबाई, सासू आल्यावर उठून उभं राहायला काय झालं होतं तुला?" आता तुम्हीच सांगा, उठायचं नाही हीच अट असल्यावर माणसानं उठावं कसं?

तुम्हाला सांगते, अंतराळात जाणारी माणसं असतात ना, त्यांना तिथं वजनच नसतं. वजन नाही म्हणजे पायांना काम नाही, आणि काम नाही म्हणजे मांड्या-पोटऱ्या वाळून जातात, प्लास्टर काढल्यावर हात निघतो ना, तशा. त्यावर उपाय शोधायला आपल्या शहराबाहेरच्या एका केंद्राला धडधाकट माणसं हवी होती. एकवीस दिवस पलंगावर पडून राहायचं, डोकं खाली, पाय वर. जेवण आडवं, दात घासणं आडवं, आणि बाकीचं… तेसुद्धा आडवंच, जाऊ द्या. निम्म्यांनी नुसतं पडायचं, आणि आम्हा निम्म्यांना रोज अर्धा तास एका मोठ्या चाकावर निजवून गरागरा फिरवायचं. डोकं मधोमध, पाय कडेला. फिरलं की सगळा भार तळपायांत उतरतो, जणू आपण उभेच आहोत, आणि तेवढ्यात पायडल मारायचं. शेवटी कुणाचे पाय टिकतात ते बघायचं.

मी नाव का दिलं? आमच्या आत्याबाईंमुळं. म्हाळसाबाई, माझ्या सासूबाई, फुलंब्रीला राहतात. चाळीस शेळ्यांमागं हिंडलेली बाई, अजून हातात काठी नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली, त्यांचं एकच पालुपद, "हिचं हाती घेतलेलं तडीला जात नाय." आता शिवणक्लास सोडला, खरंय. स्वेटरची एक बाही राहिली, तेही खरंय. पण कॉलेजचा अर्ज भरला आणि लग्नच ठरलं, त्यात माझा काय दोष? मनात म्हटलं, बाने, पडून तर राहायचंय, एवढं तरी तडीला ने. केंद्रातल्या डॉक्टर अन्सारांनी बजावलं होतं, काकू, एकदा जरी उठून बसलात तरी नाव कटलं, मागचे सगळे दिवस वाया. म्हटलं, उठायचं नाही म्हणजे नाही.

पडून राहणं सोपं वाटतं तुम्हाला? पहिल्याच दिवशी चाकावर मान वळवून घड्याळ बघायला गेले, तर जेवलेलं सगळं घशाशी! पोटऱ्या पेटल्या, घाम डोळ्यांत, पण पायडल सोडलं नाही.

आणि तेराव्या दिवशी आत्याबाई आल्या. एसटीनं, सीताफळांची पिशवी घेऊन. माझा पलंग कसा, तर पाय दाराकडं आणि तेही उंचावर. आत्याबाई दारातून आत आल्या, तर समोर सुनेचे दोन तळपाय, थेट तोंडापुढं! अहो, बावीस वर्षं त्यांच्या वहाणा वाजल्या की मी ताडकन उठते, तापात असले तरी. अंगाला सवयच ती. माझं कोपर आपोआप गादीत रुतलं, मान उचलली… तेवढ्यात शेजारच्या पलंगावरून फहमिदा, पडल्या पडल्याच, "लेटो बानाबाई, लेटो! अम्मा, वो बीमार नहीं हैं, लेटना उनका काम है."

आत्याबाई म्हणाल्या, "पडून ऱ्हायाचं काम? असलं काम आमाला नाय गावलं कधी."

मी पडूनच डोक्यावरून पदर घेतला, पडूनच हात जोडले. म्हटलं, "आत्याबाई, नियम आहे."

"उठता येत नाय, का उठायचं नाय?"

खोटं बोलवेना. "उठायचं नाही."

गेल्या. सीताफळं होती तशी परत घेऊन गेल्या.

एकविसाव्या दिवशी परीक्षा. दहा मिनिटं ताठ उभं राहायचं, हलायचं नाही, बोलायचं नाही. फहमिदा नुसतं पडणाऱ्यांतली, बिचारी चौथ्या मिनिटाला पांढरी पडली, तिला परत निजवलं. मग मी. पाय थरथरले, पण धरलं हो त्यांनी! आठ मिनिटं झाली… आणि दार उघडलं. मला न्यायला आमचे हे, सूर्यभान, आणि पुढं आत्याबाई. त्या तडक माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. कशासाठी? पाया पडून घ्यायला! माझी कंबर तर वाकायला निघालीच होती, पण डॉक्टर अन्सारांनी ओठांवर बोट ठेवलं. ती दोन मिनिटं, तुम्हाला सांगते, एकवीस दिवसांहून लांब. वाकायचं नाही म्हणजे नाही!

घंटा झाली. डॉक्टर म्हणाले, काकू, जमलं. आणि मी धाडकन आत्याबाईंच्या पायांवर. पण त्यांनी पाय मागं घेतले, आणि ह्यांच्याकडं वळून म्हणाल्या, "शिवण सोडलं, सुटर सोडलं. पण आडवी व्हती तवा उठली नाय, उभी व्हती तवा वाकली नाय. हे बरं तडीला नेलं हिनं."

आता ह्याला काय म्हणायचं? पण बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून निघालं, की सुनेनं काहीतरी तडीला नेलं… तेवढंच पदरात घेतलं, घरी आले, त्यांच्या वहाणा वाजल्या, आणि चहा ठेवायला उठले.