आधी हात, मग कळ

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरची डॉक्टर मंडळी, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या मानसशास्त्रज्ञ मॅडम, आणि समोर जमलेल्या सिस्टर, मावशी अन् पालकांनो, सगळ्यांना नमस्कार. मी बस कंडक्टर. माइक जरा लांबच ठेवते, नाहीतर मागच्या रांगेतले तिकीट काढायला उठायचे!

माझ्या लेकीला रक्ताचा आजार होता. रोज सुई. तेव्हा या वॉर्डात एक रीत होती: आईने हात घट्ट धरायचे, सिस्टरने टोचायचं. बरोबरच वाटायचं हो! आई जवळ असली की पोरीला धीर, नाही का? पण पुढे सुई नसतानाही मी दारात दिसले की पोर किंचाळायला लागली. माझ्यासारखी खाकी घातलेल्या वॉचमनला बघूनसुद्धा, बिचारा! माझ्या हातचं खाईना, कुशीत येईना. पोटची पोर आपल्याला बघून थरथरते, काय होत असेल सांगा. पार खचले होते मी.

मॅडमनी समोर बसवलं. म्हणाल्या, "अहो, ती तुमच्यावर रुसलेली नाही. आधी आईचे हात, लगेच कळ, असं रोज घडलं. आता हात दिसले की कळेची वाट न बघता अंगच घाबरतं."

"मग समजावू का तिला?"

"सांगून नाही जायचं ते. तुम्ही दिसलात आणि दुखलं नाही, असं पुन्हा पुन्हा घडू दे."

झालं! सुई वेगळ्या खोलीत, मी दाराबाहेर. एरवी पलंगापासून लांब खुर्ची टाकून नुसती बसायचे, रोज जराशी जवळ. रडणं ओसरलं. मध्ये ड्युटीमुळे यायला जमलं नाही, तर पुन्हा तेच भोकाड! म्हटलं, गेली सगळी मेहनत पाण्यात. मॅडम शांत. "जुनी भीती अशी डोकावतेच. तुम्ही उठू नका." नाही उठले.

आणि एका सकाळी सुईच्या खोलीचं दार उघडलं. लेक हुंदके देत बाहेर आली, इकडेतिकडे बघितलं, अन् सरळ माझ्याकडे धावली. "आई, घे ना गं!"

अध्यक्ष महोदय, मॅडम गेल्यावर ती जुनी रीत परत आणू नका. विनंती नाही, हट्ट आहे माझा.

बोलायला बोलावलंत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर पोटात घाला. मॅडम, माझी लेक तुम्ही मला परत दिलीत.