एका ओळीतला मका

…विळा बघून एवढं दचकायला काय झालं, मास्तर? तुमच्या मानेला नाही लावत, तुमच्या मक्याला लावायचाय. बसा. नाही, चहा नको — म्हणजे नंतर चालेल, आधी माझं ऐका, ऐकल्यावर पाजावासा वाटला तर पाजा. उद्या सकाळी बियाणं कंपनीचे साहेब माझा प्लॉट बघायला येणारेत, आणि कुंपणाच्या या बाजूला तुमची ही पलटण उभी, डोक्यावर तुरे खोचून! त्यांनी ती बघितली की माझा प्लॉट नापास. हंगामभर राबून पिकवलेलं बियाणं कोंबड्यांच्या खाद्यात जाईल. हसताय काय? कोंबड्यांना आनंद होईल, हे मलाही कळतं.

आणि काय हो, मका एकाच ओळीत लावायचा हे तुम्हाला कुणी शिकवलं? या टोकापासून त्या टोकापर्यंत शिवण घातल्यासारखी सरळ — दोरी धरली होती ना? धरलीच असणार. खडूनं खुणाही केल्या असतील. नाही? केल्या? अहो मास्तर, मका म्हणजे पँटची शिवण नव्हे! त्याला घोळका लागतो, आजूबाजूला चार माणसं लागतात, माणसासारखंच आहे त्याचं. हा वरचा तुरा म्हणजे नर, आणि हे खाली पोटाशी धरलेलं कणीस म्हणजे मादी. कणसाच्या टोकाला रेशमासारखी शेंडी फुटते ना, तिचा एकेक धागा आत एकेका दाण्याशी बांधलेला असतो. त्या धाग्यावर पराग पडला तर दाणा भरतो, नाही पडला तर तिथं बोळकं. आता ओळ एकच, वारा आडवा, पराग सगळा तुमच्या न्हाणीघराच्या पत्र्यावर — कणसं कशी होणार? काजं सगळी केली आणि बटणं निम्मीच लावली, तशी. आता कळलं? शिंप्याच्या भाषेत सांगितलं की लगेच कळतं.

तर माझ्याकडे काय असतं, चार ओळी मादीच्या, एक नराची. मादीच्या ओळींचे तुरे आम्ही फुटायच्या आधी हातानं उपटतो, एकूण एक. माझ्याकडच्या मजूर बायका रोज सकाळी त्याच कामाला असतात, मान वर करून करून दुखायला लागते. का, तर मादीवर त्या एका ओळीचाच पराग पडावा, दुसऱ्या कुणाचा नको. आणि इथं तुम्ही! तुमचा पांढरा, माझा पिवळा. तुमचा पराग माझ्या कणसांवर पडला तरी दाणा पिवळाच दिसणार, कुणाला पत्ता लागायचा नाही — आणि पुढच्या वर्षी लोकांच्या शेतात भलतंच उगवलं की शिव्या मला. तुमचे तुरे अजून मिटलेले आहेत, पण एक-दोन दिवसांत उन्हं वर आली की उधळायला लागतील. म्हणून आजच.

नाही म्हणताय? बरं. येताना तेच म्हणत होते, मास्तर नाही म्हणतील. वहिनींचं बियाणं आहे, ठाऊक आहे हो मला. तो बटणांचा डबा मी कितीदा बघितलाय. वरच्या कप्प्यात बटणं, खाली पांढरा मका — एकदा कुणाच्या सदऱ्याला बटण म्हणून दाणा लावायला निघाल्या होत्या, आठवतं? तुमचा चष्मा होता म्हणून वाचला तो माणूस. तुरे कापले तर या कणसांवर माझ्याकडचाच पराग येणार आणि पांढऱ्यात पिवळे दाणे निघणार, वहिनींचा मका वहिनींचा राहायचा नाही, हेच ना? डब्यात एकही दाणा ठेवला नाहीत, सगळा पेरलात. शाबास. कापड बेतताना तरी थोडं मागे ठेवता ना?

म्हणून तर या आणल्यात. पिशव्या. कागदी. रात्री — जाऊ दे कधी केल्या ते. चांगले दिसणारे चार तुरे ठेवू आणि आत्ताच पिशवीत बांधू, बाकीचे उडवू. कणसांवरही एकेक पिशवी, शेंडी फुटायच्या आधी. मग शेंडी आली की रोज सकाळी तुऱ्याची पिशवी हलवायची, आत पराग जमतो पिवळाधमक, तो दुसऱ्या झाडाच्या शेंडीवर ओतायचा आणि झटकन परत झाकायचं. वाऱ्याचं काम हातानं. दाणे पांढरेच येतील, आणि बोळकंही राहणार नाही. साहेबांना मी समजावते. आधी आरडाओरडा करतील, मग पिशव्या बघून गप्प बसतील. रोज सकाळी मी येईन की. तुम्हाला शिकवता येईल, हो, पाच मिनिटांचं काम आहे — पण तुमचा हात जड. कशावरून म्हणजे? माझं झंपर दोनदा उसवलंय, त्यावरून!

आणि मका काही परका नाही तुम्हाला. कॉलरला खळ लावता ना, कडक करायला? ती मक्याचीच. अहो खरंच, खळीच्या पुड्यावर वाचा.

काय? वहिनी इतकी वर्षं लावत होत्या तेव्हा कसं चालत होतं? चालत होतं, कारण त्या विचारायच्या. दरवर्षी कुंपणाशी यायच्या, "यंदा कधी पेरतेस गं?" मी सांगायचे, आणि त्या माझ्या महिनाभर आधी पेरून टाकायच्या. त्यांचे तुरे वाळून जायचे तेव्हा माझे फुटायचे. एवढंच. तुम्हाला कधी बोलल्या नाहीत? कशाला बोलतील, तुम्ही मशीनवरून मान वर करत होता कधी? आणि तुम्ही काय केलंत — मी पेरताना बघितलंत, आणि दुसऱ्या दिवशी पेरलंत! माझं बघून! वर्गात शेजारणीच्या पाटीवरून उतरवल्यासारखं.

हो, बघितलं मी. तुम्ही पेरत होता तेव्हा मी पलीकडेच होते. मग ओरडले का नाही? — सुचलं नाही. नाही, गुडघाभर झाला तेव्हाही सुचलं नाही. काय उलटतपासणी लावलीय! अहो, पडदे बंद, मशीनचा आवाज नाही, दारातलं वर्तमानपत्र दुपारपर्यंत तसंच. वहिनी गेल्यापासून हे असं. आणि त्या दिवशी तुम्ही डबा घेऊन बाहेर आलात, उकिडवे बसलात, दोरी धरलीत, आणि एकेक दाणा असा ठेवत होता की जणू मोडेल. आता मध्येच जाऊन म्हणायचं होतं, मास्तर, उपटा? मग रोज पाणी घालायला यायला लागलात, गुणगुणायला लागलात — बेसूर, पण गुणगुणत होता. म्हटलं, जाऊ दे प्लॉट. म्हणजे जाऊ दे नव्हे, जाऊ दे कसा? बायकांची पोटं आहेत त्याच्यावर. पण म्हटलं, बघू. अजून थोडे दिवस बाहेर येऊ देत, मग बघू. असं करत करत आजपर्यंत आलं, आणि आज विळा घेऊन यायची वेळ…

काही नाही. डोळ्यात गेलंय काहीतरी. पराग असणार, दुसरं काय, या दिवसांत हवेत नुसता —

काय म्हणालात?

तुरे अजून फुटलेच नाहीत, मग पराग कुठला? हं. बरंच ध्यान देऊन ऐकता हो तुम्ही.

उठा आता, उठा. स्टूल आणा, आणि तुमच्या टाचण्या. उजेड आहे तोवर पिशव्या लावू. आणि ते आधण ठेवा गॅसवर. दोन कप.