भात्यावरचा हात

वत्सलाबाई : टाळ ठिव त्या बाकड्यावर. आन उद्यापून भजनी मंडळात पाय टाकू नगंस.

वनमाला : मावशी, अख्खं बीडचं स्टँड बघतंय. माझं काय चुकलं, तेवढं तरी सांगा.

वत्सलाबाई : मंडळाची म्होरकी कोण? मी का तू? मी पद म्हणायचं, तुमी मागून धरायचं. भरल्या स्टेजवर माझ्या तोंडातलं पद हिसकावलंस!

वनमाला : हिसकावलं? तुम्हीच मध्ये थांबलात. तुमच्या हातातली पेटीसुद्धा बंद पडली. शब्द विसरलात म्हणून मी उचललं, नाहीतर स्पर्धेत हसं झालं असतं आपल्या चकलांबा गावाचं.

वत्सलाबाई : तू झबल्यात हुतीस तवापून म्हणतीया ते पद. मी इसरीन? कॉलेज शिकली म्हणून लईच अक्कल आली व्हय गं?

मंगल : जाऊ द्या की, वत्सलाबाई. परीक्षकानं तर हिचंच नाव ईचारलं...

वत्सलाबाई : तू गप, मंगल. तुजी भेळ खा.

वनमाला : त्याचाच राग आहे ना? दिवसभर या पोरीच्या, आर्वीच्या मागे असते मी. पडेल का, काही तोंडात घालेल का. तुमच्यात येऊन गाते, तेवढंच माझं. तेही बघवत नाही तुम्हाला.

वत्सलाबाई : दिवसभर मागं असतीस, मंग आज कुठं गेलतीस?

वनमाला : माझं लक्ष कधीच सुटत नाही तिच्यावरून.

वत्सलाबाई : न्हाई ना? मंग पद संपल्यावर पोर माझ्या मांडीवर कशी?

वनमाला : मंगलताईंनी दिली असेल.

मंगल : म्या न्हाई, बाई.

वत्सलाबाई : पेटी बंद पडली म्हणतीस. भात्यावरचा हात कुठं गेलता, ते न्हाई ईचारलंस. रांगत पार स्टेजच्या काठाला गेलती ती. फ्रॉक घावला म्हणून वाचली. खाली नुसती फरशी. आन आईसाहेब डोळे मिटून गाण्यात!

(वनमाला कडेवरच्या आर्वीचं डोकं चाचपून बघते.)

वत्सलाबाई : आता काय चाचपतीस?

वनमाला : हाक मारायची होती मला.

वत्सलाबाई : मारली की. दोनदा.

मंगल : गाडी लागली बघा. चला, जागा धरा.

वनमाला : मावशी...

वत्सलाबाई : काय?

वनमाला : पद कसं झालं?

वत्सलाबाई : लई ग्वाड झालं, पोर इसरावी इतकं. म्हणून तर म्हणते, येऊ नगंस.