गोठ्यावरचा बर्फ

असुंता : उशी जरा वर सरकव. हं, बास. आता सांग, काय म्हणाला कंपनीचा वकील?

लोरेदाना : म्हणाला, धूळ कारखान्याच्या फाटकाबाहेर कधी गेलीच नाही. कामगारांचे कपडे म्हणे आतच धुतले जायचे.

असुंता : आतच? कोण धूत होतं, त्याची आई? अगं, मी तुझ्या बाबांचे कपडे अंगणात झटकायला लागले, की शेजारची ग्रात्सिएला धाडकन खिडकी लावून घ्यायची!

लोरेदाना : हळू बोल आई, धाप लागेल.

असुंता : लागू दे. डॉक्टर म्हणतो, छातीत अ‍ॅस्बेस्टॉस. भरपाई मंडळ म्हणतं, बाई, तू कारखान्यात कधी पाऊल तरी टाकलंस का? मग मी काय ते चीज समजून शेवयांवर भुरभुरवून खाल्लं?

लोरेदाना : उद्या शेवटची सुनावणी. आपल्या वकीलबाई म्हणतात, धूळ घरात आली होती हे दाखवणारी एक तरी वस्तू आणा. कपडे केव्हाच फाटून गेले, बाबांच्या पाळीतले लोक कबरीत. पण आई, तळघरात गोठा आहे.

असुंता : नाही.

लोरेदाना : आपला नाताळचा गोठा, येशूजन्माचा देखावा. त्याच्या खोक्यात तो अ‍ॅस्बेस्टॉसचा बर्फ अजून आहे. कंपनीचा छाप असलेल्या पोत्यात.

असुंता : नाही म्हटलं ना! त्या खोक्याला हात लावायचा नाही.

लोरेदाना : फाटकावरचा रखवालदार घरी निघालेल्या कामगारांच्या काखेतली पोती बघायचा आणि वर नाताळच्या शुभेच्छा द्यायचा. आपल्या इटालियन लोकांच्या घराघरात तोच बर्फ होता. आणखी काय पुरावा हवा?

असुंता : माझी आजी तिकडे गावाला गोठ्यावर पीठ भुरभुरायची. तुझा बाबा म्हणाला, कॅनडात येऊन पीठ कसलं? अगदी खऱ्यासारखा बर्फ आणतो. स्टुलावर चढून बोटांतून अलगद सोडायचा. सगळी गल्ली बघायला यायची. केवढी मिजास होती त्याला! आणि तुम्ही पोरं खाली उभी, तोंडं वर करून...

लोरेदाना : तो बर्फ झेलायला मी जीभ बाहेर काढायचे.

असुंता : गप्प बस. ते बोलू नकोस माझ्यापुढे.

लोरेदाना : आई...

असुंता : उद्या तुझ्या बाबाला उभं करतील. विचारतील, हे घरी कोणी आणलं? अगं, तो मला चमच्याने सूप भरवतो. त्याला वाटतं, कपड्यांमुळे झालं, कंपनीने धुवायची सोय केली नाही म्हणून. कंपनीला शिव्या देत देत जगतोय बिचारा. बर्फाची आठवण झाली, की स्वतःलाच शिव्या देईल. मग माझ्यामागे जगेल का तो?

लोरेदाना : आणि रोझाल्बा? ग्रात्सिएलाची सून? त्याही नवऱ्यांचे कपडे धूतच आजारी पडल्या. तू हरलीस, की त्यांच्याही भरपाईची दारं बंद.

असुंता : सगळ्या गावाच्या बायका माझ्याच गळ्यात कशाला बांधतेस?

लोरेदाना : म्हणजे त्या कंपनीवाल्यांना असंच सुटू द्यायचं?

असुंता : चुलीत घाल त्यांना! तुझ्यापेक्षा जास्त जळते मी. पण त्यांची खोड मोडायला माझ्या नवऱ्याचं काळीज फाडू?

(तळघराच्या जिन्यावर पावलं. नुन्झियो दारात उभा. हातात पट्ट्या चिकटवून बंद केलेलं खोकं.)

असुंता : नुन्झियो! ठेव ते खाली!

लोरेदाना : बाबा, तुम्ही ऐकलंत?

नुन्झियो : ऐकायला कशाला हवं? डॉक्टरने त्या रोगाचं नाव घेतलं, त्याच दिवशी खाली जाऊन हे चिकटवून टाकलं मी. तेव्हापासून गोठा मांडला नाही. का, असं तू कधी विचारलंस?

असुंता : मला वाटलं, तुला जिना झेपत नाही.

नुन्झियो : आणि मला वाटलं, तुला कळलेलं नाही.

असुंता : अरे देवा.

नुन्झियो : मॅनेजरच्या घरी गोठ्यावर दुकानातला कापूस असायचा. मी हसायचो. म्हणायचो, या पैसेवाल्यांना चांगली वस्तू कळतच नाही.

लोरेदाना : द्या बाबा, मी गाडीत ठेवते.

नुन्झियो : तू लांब हो! हात लावायचा नाही याला. आणला मी, नेणारही मीच.

असुंता : सगळ्यांसमोर विचारतील रे तुला.

नुन्झियो : विचारू देत. मी सांगेन. आणि मग मीही विचारीन, फाटकावर मला कुणी अडवलं का नाही?

असुंता : नुन्झियो.

नुन्झियो : आता काय?

असुंता : तोंडाला रुमाल बांध.