तुमच्या जागेत जरा बसू देता का?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि चतुराबाई धर्मशाळा ट्रस्टचे नवे व्यवस्थापक विश्वस्त माननीय शालिकरामजी, व्यासपीठावरील विश्वस्त मंडळी, आज त्या पदावरून निरोप घेणारे आदरणीय वकील बापूसाहेब, आणि एवढ्या उन्हात आलेल्या बंधुभगिनींनो, सर्वांना प्रीतमचा नमस्कार.

मुक्कामी लोकांतर्फे कोणीतरी बोलावं, असा बापूसाहेबांचा आग्रह, म्हणून मी उभा. मी पातूरचा. शाळा दहावीपर्यंत, तीही सलग नाही. चिखलदऱ्याला कॉफीच्या मळ्यात राबलो, परतवाड्याला जीपवर क्लीनर होतो. त्या जीपचा एकदा घाटात ब्रेक... असो, ते राहू द्या. माझी इथली ओळख एवढीच, की मी या हॉलमध्ये झोपलेलो आहे.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दवाखान्यात पेशंट घेऊन आलेल्या परगावच्या माणसाला पाठ टेकता यावी, म्हणून चतुराबाईंनी ही इमारत ट्रस्टला दिली. मागच्या उन्हाळ्यात माझी आई दवाखान्यात होती. मी त्या कोपऱ्यात, पंख्याखाली. सकाळी काळा कोट घातलेले एक म्हातारे गृहस्थ वाकून म्हणाले, "भाऊ, आमची मीटिंग आहे. तुमच्या जागेत जरा बसू देता का?"

मी पथारी गुंडाळायला लागलो. "निघतो साहेब."

"निघू नका. हो की नाही, तेवढं सांगा."

मला वाटलं, म्हातारा थट्टा करून राहिला. शेजारची आजी म्हणाली, "हो म्हन ना बाप्पा! ते सगळ्याइले इचारतेत. नाई म्हटलं तं ओट्यावर मीटिंग घेतेत."

मीटिंग संपल्यावर मी त्यांना, म्हणजे या बापूसाहेबांना, गाठलं. "मालक असून इचारता काहून?"

"मालक कोण? कागदावर नाव आमचं, जागा तुमच्यासाठी. दुसऱ्याची वस्तू सांभाळणाऱ्यानं ती वापरायच्या आधी विचारावं."

"अन् उद्या कोनी नाई इचारलं तं?"

"तर तुम्ही विचारायचं. जागेचं, कारभाराचं, सगळं. तो हक्क आहे तुमचा, आमची मेहेरबानी नाही."

"पन मी तं निघून जाईन."

बापूसाहेब म्हणाले, "तीच तर अडचण आहे. इथले हक्कदार दर आठवड्याला बदलतात. भांडायला कोणी थांबत नाही."

आई वाचली नाही. पण शेवटपर्यंत तिच्याजवळ राहता आलं, ते या फरशीमुळे.

आता शालिकरामजींनी भाषणात सांगितलं, की पुढच्या महिन्यापासून शनिवार-रविवार हा हॉल कार्यक्रमांना भाड्यानं देणार, त्यातून छताची दुरुस्ती करणार. हेतू चांगलाच असेल. वळवाच्या पावसात छत गळतं, हे मी खाली झोपून पाहिलेलं आहे. पण पेशंट काय शनिवारी सुट्टी घेतात? आणि हे ठरवताना कोणाला विचारलं? बरं, पुढच्या महिन्याचं सोडा. आज हा हॉल रिकामा कसा झाला?

येताना पायरीवर कौशल्याबाई भेटल्या. नवरा दवाखान्यात, सतरंजी काखेत. म्हटलं, "मावशी, बाहीर काहून बसल्या?"

"अंदर मोठ्या मानसाचा सत्कार हाये म्हनते. सरला का मंग जाऊ."

"तुमाले इचारलं का कोनी?"

"आमाले कोन इचारते, बाप्पा?"

बापूसाहेब, तुम्हाला मागच्या दारानं थेट व्यासपीठावर आणलं, तुम्ही पायरी पाहिलीच नाही. नेमकं तुमच्या निरोपाला विचारायचं राहून गेलं.

माझी अकोल्याची गाडी कधीच निघून गेली. आज मी थांबलो आहे. अध्यक्षमहाराज, एकच विनंती. शाल-श्रीफळाच्या आधी आपण स्वतः पायरीपर्यंत जावं आणि त्या बाईंना विचारावं. आजचंही विचारावं, शनिवार-रविवारचंही. त्या नाही म्हणाल्या, तर उरलेला सत्कार ओट्यावर करू. खुर्च्या मी उचलतो.

मला बोलू दिलंत, त्याबद्दल आभारी आहे. तोंडून काही कमी-जास्त गेलं असेल, तर लेकरू समजून पोटात घाला. ही माफी माझ्या बोलण्यापुरती. पायरीवरची माफी मात्र बाहेर जाऊनच मागावी लागेल.