त्याची डावी बाजू

बसथांब्यावर दोन शाळकरी मैत्रिणी बोलत होत्या. शेजारी बसलेल्या नर्सबाईंच्या कानावर ते पडतच होतं.

“तू कायम त्याच्या डावीकडेच का बसतेस गं?”

“तिकडून माझ्या डाव्या गालावरचा भाजल्याचा डाग त्याला दिसत नाही.”

“अगं, त्याला डाव्या कानाने ऐकूच येत नाही. काल माझ्या दादाजवळ बोलला.”

“मग मी एवढं बोलले ते?”

“निम्मं कळलंच नाही. नुसती मान हलवायचा.”

“सांगायचं ना मग.”

“तू सांगितलंस?”

नर्सबाईंची बस आली, पण त्या उठल्या नाहीत.

तेवढ्यात तो आला आणि डावीकडे जागा ठेवून बसला. ती उठून त्याच्या उजवीकडे गेली. गालावरचे केस तिने कानामागे घेतले.

“ऐक,” ती म्हणाली, “पहिल्यापासून सांगते.”